स्पोर्ट्स मोटारगाडी, जुनी : नमुना व एंजिन यांची ओळख

स्पोर्ट्स मोटारगाडी, जुनी : नमुना व एंजिन यांची ओळख : वापरलेल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारगाडीचा निर्माता, नमुना (मॉडेल), उत्पादनकाल व तिच्यात प्रत्यक्ष बसविलेले एंजिन निश्चित करण्याची पद्धती. नव्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. कारण कारखान्यातून बाहेर पडताना गाडीची काया, साटा, एंजिन व कागदपत्रे एकमेकांशी जुळलेली असतात. पुढे तीस-चाळीस वर्षांत गाडी अनेक मालकांच्या हातांतून जाते. काया दुरुस्त होते, एंजिन बदलले जाते, नामचिन्हे पडतात वा दुसऱ्या गाडीची लावली जातात. म्हणून काया, साटा, एंजिन आणि नोंदणीची कागदपत्रे हे चार स्वतंत्र साक्षीदार मानून प्रत्येकाची वेगळी तपासणी करावी लागते. चारही एकच गोष्ट सांगत असतील, तरच गाडीची ओळख पटली असे म्हणता येते. त्यांच्यात विसंगती असेल, तर ती नेमकी कोठे आहे हे सांगता येणे हाही ओळखीचाच भाग होय.

महत्त्व : अशी ओळख पटविणे केवळ हौसेपुरते मर्यादित नाही. सुटे भाग मागविताना नमुना व एंजिन यांचे क्रमांक अचूक ठाऊक नसतील, तर चुकीच्या मापाचे दट्टे, धारवे किंवा ब्रेकचे भाग येतात आणि गाडी असुरक्षित होते. मूळ एंजिन असलेल्या व एंजिन बदललेल्या गाड्यांच्या किंमतींत मोठा फरक पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यावर निर्बंध आहेत. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ऐतिहासिक (व्हिंटेज) वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले दुचाकी वा चारचाकी खाजगी वाहन या वर्गात येते. परंतु ते मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याचा साटा, काया किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून ती दहा वर्षे वैध असते; नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रु. आहे. पूर्वीच नोंदणी झालेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. यामुळे ‘मूळ एंजिन कोणते’ हा प्रश्न आता कायद्याच्या दृष्टीनेही निर्णायक झाला आहे.

बाह्य लक्षणे : तपासणीची सुरुवात बाह्य स्वरूपापासून होते. मात्र बाह्य लक्षणांवरून फक्त संभाव्य नमुन्यांची संख्या कमी करता येते. अंतिम निर्णय देता येत नाही. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार होणाऱ्या एमजी गाड्या हे याचे चांगले उदाहरण आहे. टीसी (१९४५ – ४९) या नमुन्याला १९ इंच (सु. ४८ सेंमी.) व्यासाची, तारांच्या आऱ्यांची उंच व अरुंद चाके असतात. त्यानंतरच्या टीडी (१९४९ – ५३) नमुन्याची चाके १५ इंची असून पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन आहे. टीएफ (१९५३ – ५५) नमुन्यात पुढचे दिवे चिखलपंख्यांत सामावलेले असून शीतकाची जाळी मागे कललेली आहे. एमजीए (१९५५ – ६२) या गाडीची काया संपूर्ण गोलाईदार आहे. तिच्या १६०० नमुन्यात पुढील चाकांना डिस्क ब्रेक आले, तर १६०० मार्क-२ मध्ये पुढील जाळीच्या उभ्या पट्ट्या आत खचलेल्या दिसतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मध्यभागी एकाच नटाने बसणारी, छिद्रे असलेली पोलादी चाके असतील, तर ती गाडी दोन कॅमदंडांच्या ‘ट्विन कॅम’ प्रकारची असण्याचा संभव असतो. एमजीबी (१९६२ – ८०) या गाडीचे क्रोम मुलामा दिलेले बंपर १९७४ मध्ये जाऊन त्यांच्या जागी काळे रबरी बंपर आले.

परंतु जाळी, बंपर, चाके व नामचिन्हे हे भाग काही तासांत बदलता येतात. काही गाड्यांच्या बाबतीत तर मूळ स्वरूपातही बाह्य भेद जवळजवळ नसतात. मर्सिडीझ-बेंझच्या २३० एसएल (१९६३ – ६७), २५० एसएल (१९६६ – ६८) व २८० एसएल (१९६७ – ७१) या तीन गाड्यांची काया एकच आहे. मागील चाकांना ड्रम ब्रेक असल्यास गाडी २३० एसएल असावी, असे म्हणता येते. कारण पुढील दोन्ही नमुन्यांत मागेही डिस्क ब्रेक आहेत. यापलीकडचा निर्णय क्रमांकांवरूनच करावा लागतो. पोर्शे ९२४ व ९४४ या गाड्यांची बाह्यरेषा सारखीच असून ९४४ चे चिखलपंखे अधिक फुगीर आहेत. तथापि ९२४ एस (१९८६ – ८८) या नमुन्यात ९२४ ची अरुंद काया व ९४४ चे २,४७९ घ. सेंमी.चे एंजिन एकत्र आले. मूळ ९२४ चे एंजिन १,९८४ घ. सेंमी.चे आहे. म्हणजे केवळ कायेवरून एंजिन ओळखू पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

साटा क्रमांक : गाडीच्या ओळखीचा मुख्य आधार म्हणजे साट्याचा क्रमांक. स्वतंत्र साटा असलेल्या गाड्यांत तो साट्याच्या दांड्यावर ठसविलेला किंवा एंजिनाच्या कप्प्यातील धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो. एमजीबीसारख्या गाड्यांना वेगळा साटा नसतो; काया व साटा मिळून एकच कवच असते. अशा गाड्यांत काया बदलणे म्हणजे गाडीच बदलणे होय. रिव्हेटांनी बसविलेली पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येत असल्याने पट्टीपेक्षा धातूवर प्रत्यक्ष ठसविलेला क्रमांक अधिक विश्वसनीय मानतात.

क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे सामान्यतः नमुना सांगतात. एमजीबीच्या ‘जीएचएन ३’ या उपसर्गात जी हे अक्षर एमजी या नाममुद्रेचे, एच हे १,४०० ते १,९९९ घ. सेंमी. या एंजिन वर्गाचे व एन हे दोन आसनी उघड्या कायेचे दर्शक आहे. शेवटचा अंक मालिका दाखवितो. एनऐवजी डी असल्यास गाडी बंद छताची ‘जीटी’ असते. मर्सिडीझ-बेंझच्या क्रमांकातील पहिले सहा अंक नमुना दर्शवितात : ११३·०४२ म्हणजे २३० एसएल, ११३·०४३ म्हणजे २५० एसएल व ११३·०४४ म्हणजे २८० एसएल. त्यांपुढील दोन अंकांवरून सुकाणू कोणत्या बाजूला आहे व गिअरपेटी कोणत्या प्रकारची आहे हे समजते. उदा., २० म्हणजे उजवे सुकाणू व हाताने बदलण्याचे गिअर, तर २२ म्हणजे उजवे सुकाणू व स्वयंचलित गिअरपेटी. गाडी आज उजव्या सुकाणूची असून क्रमांकात १० किंवा १२ असेल, तर ती मूळची डाव्या सुकाणूची असून नंतर बदललेली आहे किंवा तिची पट्टी दुसऱ्या गाडीची आहे, असे अनुमान निघते.

प्रत्येक निर्मात्याची पद्धत वेगळी असल्याने होणारा गोंधळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ मध्ये सतरा चिन्हांच्या वाहन ओळख क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेत ही सतरा चिन्हांची रचना १९८१ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली. एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून या क्रमांकात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वापरीत नाहीत. पहिली तीन चिन्हे निर्माता दर्शवितात. उदा., डब्ल्यूपी० हे पोर्शेचे, एसएजे हे जॅगुआरचे व झेडएफएफ हे फेरारीचे चिन्ह आहे. भारतीय बनावटीच्या गाड्यांचे क्रमांक सामान्यतः एमए ते एमई यांपैकी एका अक्षरजोडीने सुरू होतात. यूरोपीय बाजारासाठी बनविलेल्या पोर्शे गाड्यांत सातवे, आठवे व बारावे चिन्ह एकत्र वाचल्यास नमुन्याचा क्रमांक मिळतो आणि दहावे चिन्ह नमुनावर्ष सांगते. यापूर्वीच्या गाड्यांचे क्रमांक आखूड असतात. म्हणून १९६० च्या सुमाराची म्हणून दाखविलेल्या गाडीवर सतरा चिन्हांचा क्रमांक आढळल्यास तो संशयास्पद समजावा.

एंजिन क्रमांक : एंजिनाची ओळख गाडीच्या ओळखीहून वेगळी असते. सिलिंडर ठोकळ्यावर दोन प्रकारचे अंक दिसतात. ओतकामातच आलेले उठावदार अंक हे त्या ओतीव भागाचे असतात. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ठोकळ्यांवर ते सारखेच असतात. ठोकून उमटविलेले खोलगट अंक हे त्या विशिष्ट एंजिनाचे असतात. नोंदणी पुस्तिकेत लिहिला जातो तो दुसऱ्या प्रकारचा क्रमांक. तपासणाऱ्याने उठावदार अंक एंजिन क्रमांक म्हणून लिहून घेतल्याने कागदपत्रांत विसंगती निर्माण होऊ शकते.

एमजीए व एमजीबी यांच्या एंजिनांचा क्रमांक ठोकळ्याच्या उजव्या बाजूस रिव्हेटांनी बसविलेल्या पट्टीवर असतो. त्यातील उपसर्गावरून एंजिनाचा प्रकार कळतो : १५जीबी व १५जीडी हे एमजीए १५०० चे, १६जीए हे १६०० चे, १६जीसी हे १६०० मार्क-२ चे व १६जीबी हे ट्विन कॅमचे दर्शक आहेत. एमजीबीच्या १८जी व १८जीए या एंजिनांत भुजादंडाला तीन मुख्य धारवे आहेत. १९६४ मध्ये आलेल्या १८जीबीपासून ते पाच झाले. जॅगुआरच्या एक्सके गाड्यांत साट्यावरील पट्टीवर साटा, एंजिन, काया व गिअरपेटी या चारही भागांचे क्रमांक दिलेले असतात. एंजिनाचा क्रमांक ठोकळ्यावर असून तोच सिलिंडर शीर्षावरही ठसविलेला असतो. त्यामुळे शीर्ष बदलले असल्यास ते लगेच लक्षात येते. बहुतेक एक्सके १२० गाड्यांच्या एंजिन क्रमांकाच्या आरंभी डब्ल्यू, एक्सके १४० च्या जी व एक्सके १५० च्या व्ही हे अक्षर असते. पट्टीवरील व प्रत्यक्ष भागांवरील सर्व क्रमांक जुळणाऱ्या गाडीला शौकीन मंडळी ‘मॅचिंग नंबर्स’ची गाडी म्हणतात.

मापनाने ओळख : क्रमांकाची पट्टी नाहीशी झाली असेल, तर एंजिनाचे माप घ्यावे लागते. एंजिनाची धारिता म्हणजे ०·७८५४ × (सिलिंडराचा व्यास)² × दट्ट्याची धाव × सिलिंडरांची संख्या. मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येते. धाव ठरविण्यासाठी ठिणगी गुडदीच्या (स्पार्क प्लगच्या) भोकातून एक गज दट्ट्यावर टेकवून एंजिन हाताने फिरवितात आणि दट्ट्याच्या सर्वांत वरच्या व खालच्या स्थानांमधील अंतर मोजतात. गज भोकात तिरका राहत असेल, तर ही रीत उपयोगी पडत नाही. व्यास मोजण्यासाठी मात्र सिलिंडर शीर्ष काढावेच लागते.

कोणते माप निर्णायक ठरेल, हे एंजिनाच्या कुळावर अवलंबून असते. एमजीए व एमजीबी यांच्या एंजिनांत धाव सर्वत्र ८८·९ मिमी. आहे. व्यास मात्र १,४८९ घ. सेंमी.च्या एंजिनात ७३·०, १,५८८ च्या एंजिनात ७५·४, १,६२२ च्या एंजिनात ७६·२ व १,७९८ च्या एंजिनात ८०·३ मिमी. असतो. येथे धाव मोजून काहीच निष्पन्न होत नाही. याउलट मर्सिडीझ-बेंझच्या २३० एसएल व २५० एसएल या सहा सिलिंडरी एंजिनांचा व्यास एकच, ८२ मिमी. असून धाव अनुक्रमे ७२·८ व ७८·८ मिमी. आहे. २८० एसएलमध्ये २५० चीच धाव कायम ठेवून व्यास ८६·५ मिमी. करण्यात आला. त्यामुळे धारिता अनुक्रमे २,३०६, २,४९६ व २,७७८ घ. सेंमी. अशी झाली.

मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावताना झिजेचा व पुनर्छिद्रणाचा विचार करावा लागतो. झिजलेले सिलिंडर आतून तासून त्यांत मोठे दट्टे बसविण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. १,४८९ घ. सेंमी.च्या एंजिनाचा व्यास सु. १ मिमी.ने वाढविल्यास धारिता सु. १,५३० घ. सेंमी. होते. हे वेगळे एंजिन नव्हे. तेच एंजिन एकदा वा अनेकदा दुरुस्त झालेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भारतातील विशेष अडचण : भारतातील जुन्या स्पोर्ट्स गाड्या बहुतांशी आयात केलेल्या आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात गाड्या व सुटे भाग यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. मूळ भाग मिळेनासे झाल्याने देशात तयार होणाऱ्या गाड्यांचे भाग वापरून या गाड्या चालू ठेवणे भाग पडले. यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. उत्तरपारा (पश्चिम बंगाल) येथे तयार होणाऱ्या अँबॅसडर गाडीचे १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन आणि एमजीए १५०० चे एंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी’ मालिकेतील आहेत. दोहोंचा व्यास व धाव समान आहे आणि बाहेरून ठोकळाही सारखाच दिसतो. त्यामुळे अँबॅसडरचे एंजिन असलेली एमजीए बॉनेट उघडून पाहणाऱ्यालाही मूळची वाटू शकते, आणि मापनही येथे निरुपयोगी ठरते. फरक असतो तो अंतर्भागात व साहाय्यक भागांत. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात, अँबॅसडरला एकच. एमजीएचे संपीडन गुणोत्तर अधिक असते व कॅमदंड वेगळा असतो. परिणामी एमजीएचे एंजिन सु. ७० अश्वशक्ती देते, तर अँबॅसडरचे सु. ५०. कार्ब्युरेटर बाहेरून बदलता येत असल्याने केवळ त्यावर विसंबून चालत नाही. मद्रास (चेन्नई) येथे तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड व ट्रायंफ स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी यांच्या एंजिनांतही असेच कुलसाम्य आहे.

भारतात तयार झालेल्या स्पोर्ट्स गाड्यांतही नाममुद्रा व एंजिन यांचे कूळ भिन्न असते. सॅन स्टॉर्म या दोन आसनी उघड्या गाडीत रेनॉल्टचे १,१४९ घ. सेंमी.चे एंजिन आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे २०१५ च्या सुमारास उत्पादन सुरू झालेल्या डीसी अवंती या गाडीतही रेनॉल्टचेच, १,९९८ घ. सेंमी.चे व टर्बोभारित्र जोडलेले सु. २५० अश्वशक्तीचे एंजिन आसनांच्या मागे आडवे बसविलेले आहे. अशा गाड्यांचे एंजिनाचे भाग मागविताना गाडीचे नाव निरुपयोगी असून एंजिन निर्मात्याचा सांकेतिक क्रमांकच उपयोगी पडतो.

पुण्यातील कार्यपद्धती : ब्रिटिश अमदानीत पुणे हे मोठे लष्करी ठाणे व मुंबई सरकारचे पावसाळी मुख्यालय होते. पुढे पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरात वाहन उद्योग वाढला. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांच्या चाचण्या व मानके यांसंबंधी काम करणारी संस्थाही पुण्यातच आहे. सिलिंडर तासणे, बाह्या बसविणे, भुजादंड घासणे ही कामे करणाऱ्या यंत्रशाळा, नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने व मंगळवार पेठेतील जुना बाजार यांमुळे जुनी गाडी चालू ठेवणे येथे सुकर झाले. मात्र याच सोयींमुळे एका गाडीचे भाग दुसऱ्या गाडीत जाणेही सुकर होते, हे परीक्षकाने लक्षात ठेवावे लागते.

शहराचे प्रादेशिक परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ असून एमएच-१२ ही त्याची नोंदणी मालिका आहे. १९८९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचे क्रमांक तीन अक्षरे व त्यांपुढील अंक अशा जुन्या पद्धतीचे असतात. म्हणून जुन्या गाडीवर एमएच-१२ मालिकेतील क्रमांक असल्यास तिची नोंदणी १९८९ नंतर येथे झाली किंवा बाहेरून हस्तांतरित झाली, एवढेच सिद्ध होते. गाडीचे वय त्यावरून ठरत नाही. कार्यालयात साटा क्रमांकाची ‘पेन्सिल छाप’ घेण्याची रीत प्रचलित आहे. ठसविलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली, की अक्षरांचे वळण, अंतर व खोली कागदावर जशीच्या तशी उतरते. खरेदीदारानेही अशी छाप घेऊन ती नोंदणी पुस्तिकेशी व जुनी छाप उपलब्ध असल्यास तिच्याशी ताडून पाहावी. नोंदणी पुस्तिकेतील ‘उत्पादनवर्ष’ काही वेळा आयातीचे वा प्रथम नोंदणीचे वर्ष असते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

क्रमांकांतील फेरफार : अंकांमधील असमान अंतर, वेगळ्या वळणाचा एखादा अंक, कानशीच्या किंवा घासचाकाच्या खुणा, क्रमांकाच्या भोवतीच रंगाचा जाड थर, नव्या धाटणीचे रिव्हेट आणि क्रमांकाचा तुकडा कापून बसविल्याची जोडाची रेषा ही फेरफाराची लक्षणे होत. घासून टाकलेला क्रमांकही पुष्कळदा परत वाचता येतो. अंक ठोकताना त्याखालील धातूच्या स्फटिकांची रचना दाबाने बिघडते व हा बिघाड अंकाच्या तळाच्याही खाली पोहोचलेला असतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर अम्लयुक्त विद्राव लावल्यास दबलेला व न दबलेला धातू भिन्न वेगांनी झिजतात आणि अंक काही काळ पुन्हा दिसू लागतात. पोलादासाठी क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांचे मिश्रण वापरतात. ही तपासणी न्यायसहायक प्रयोगशाळांत केली जाते. खाजगी रीत्या ती करू नये, कारण तिच्यामुळे मूळ पुरावा नष्ट होऊ शकतो.

पूरक पुरावे : लूकस कंपनीच्या डायनामो, वितरक इ. विद्युत् भागांवर निर्मितीचा महिना व वर्ष ठसविलेले असते. अशा अनेक भागांवरील तारखा गाडीच्या उत्पादनकालाच्या किंचित आधीच्या असतील, तर गाडी मूळ स्वरूपात असल्याच्या अनुमानास बळकटी येते. कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांतील उतारा हा सर्वांत सबळ पूरक पुरावा होय. एमजीसह अनेक ब्रिटिश गाड्यांचे असे प्रमाणपत्र गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझीयम व जॅगुआरचे जॅगुआर डेम्लर हेरिटेज ट्रस्ट ही संस्था देते. त्यात मूळ एंजिन क्रमांक, रंग, रवानगीची तारीख व कोणत्या बाजारासाठी गाडी पाठविली हा तपशील असतो.

तपासणीच्या शेवटी काया, साटा, एंजिन व कागदपत्रे यांचे क्रमांक, पेन्सिल छापा, छायाचित्रे आणि घेतलेली मापे एकत्र नोंदवून ठेवतात. एंजिन बदललेले आढळल्यास गाडी टाकाऊ ठरत नाही. बदललेले एंजिन कोणत्या कुळातील आहे, त्याची नोंद अधिकृत रीत्या झाली आहे किंवा नाही व मूळ एंजिन उपलब्ध आहे काय, एवढे स्पष्ट झाले म्हणजे खरेदी, दुरुस्ती वा नोंदणी यांविषयी योग्य निर्णय घेता येतो. बदल न नोंदविता तो लपविला गेल्यास मात्र पुढील प्रत्येक मालकाकडे तीच विसंगती वारसाने जाते.